तिच्या ऑपरेशनआधी तुमचा रिपोर्ट

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) : इंदूरचे हे वाचक ३६ वर्षांचे आहेत, पत्नी ३३ वर्षांची. लग्नाला पाच वर्षं झाली, चान्स घेऊन अडीच वर्षं. एकत्र कुटुंब, घरचाच सेव-नमकीनचा कारखाना. पत्नीच्या हार्मोनच्या तपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे असं सगळं झालं आणि सगळं ठीक निघालं. सहा महिन्यांपूर्वी यांनी कुणाला न सांगता वीर्यतपासणी करून घेतली. शुक्राणू मिलिलिटरला ६० लाख, पुढे सरकणारे १८ टक्के, नीट आकाराचे २ टक्के. तो रिपोर्ट कारखान्यातल्या खणात कुलूपबंद आहे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ‘केली आहे, नॉर्मल आहे’ असं त्यांनी सांगून टाकलं. आता पत्नीची दुर्बिणीतून तपासणी पुढच्या महिन्यात ठरली आहे. ते विचारतात : ‘तीन महिने चांगलं औषध घेऊन काउंट वाढवला तर कुणाला काही सांगायची वेळ येणार नाही ना? बायकोला कळलं तर तिच्या नजरेत मी काय उरेन? आईला तर हे सहनच होणार नाही.’

उत्तर :

तुमच्या पत्रातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. राजेंद्रनगरला चुलतभावाच्या बायकोचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायची वेळ झाली तेव्हा तुमच्या पत्नीला कुणीतरी ‘तू आत पानांचं बघ’ म्हणून स्वयंपाकघरात धाडलं. तुम्ही दारात उभे होतात, खिशात नसला तरी डोक्यात तो रिपोर्ट होता, आणि तुम्ही काही बोलला नाहीत. एवढं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे औषधांकडे वळलात. औषधाचं नाव विचारायला माणूस चार पानी पत्र लिहीत नाही. ती ओळ तुम्हाला सलते आहे म्हणून तुम्ही लिहिलंत, असं मी धरून चालते.

आधी तातडीचं सांगते. दुर्बिणीची तपासणी म्हणजे पूर्ण भूल, बेंबीपाशी आणि खाली छेद, पोटात वायू भरून आतलं पाहणं. धोका कमी असतो, पण तो असतो. पाळीत खूप दुखत असेल, सोनोग्राफीत गाठ दिसली असेल, नळ्या बंद असाव्यात अशी शंका असेल, तर ती करायला ठोस कारण असतं. तुमच्या पत्नीच्या बाबतीत तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. नळ्या दोन्ही बाजूंनी उघड्या आहेत. मग डॉक्टर तिथवर का पोहोचले? कारण नवऱ्याचं सगळं ठीक आहे असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांचा हिशोब बरोबर होता, हाती आलेला आकडा चुकीचा होता. तुमच्या एका वाक्यामुळे तुमची पत्नी ऑपरेशनच्या टेबलावर जाते आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिला सांगितल्याशिवाय यातून वाट नाही, आणि ते त्या तारखेच्या आत सांगायला हवं. दवाखान्यात परस्पर फोन करून तारीख पुढे ढकलू नका, कारण तेही तिच्या पाठीमागेच होईल. आधी तिला सांगा, मग फोन दोघं मिळून करा.

आता तो रिपोर्ट. त्यावरचे तीन लांबलचक इंग्रजी शब्द वाचून तुम्ही हादरलात. त्यांचा अर्थ एवढाच : संख्या कमी, हालचाल कमी, नीट आकाराचे कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, पुढे सरकणारे ३० टक्के आणि नीट आकाराचे ४ टक्के आहे. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून ही रेषा आखली आहे, आणि त्या बाप झालेल्या पुरुषांपैकीही शंभरात पाच जण एकेका रेषेच्या खालचेच होते. तेव्हा रेषेखाली असणं म्हणजे शक्यता संपणं नव्हे. पण तुमचे आकडे बरेच खाली आहेत, हेही मी झाकून ठेवणार नाही. दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता त्यामुळे कमी होते, आणि अडीच वर्षांच्या वाट पाहण्याचं हे एक कारण असू शकतं.

असू शकतं, एवढंच. कारण हा रिपोर्ट ज्या परिस्थितीत निघाला ती तुम्हीच लिहिली आहे. दीड महिना आधी डेंग्यू झाला होता, चार दिवस ताप १०३ च्या खाली येत नव्हता. शुक्राणू तयार व्हायला साधारण सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात आणि पुढे बाहेर पडेपर्यंत आणखी काही दिवस. म्हणजे त्या दिवशी लॅबमध्ये मोजले गेलेले शुक्राणू तापाच्या काळातच घडत होते, आणि कडक तापाने संख्या दोन-तीन महिने घसरते. दुसरं, सॅम्पल तुम्ही घरी घेतलंत, वाटेत कारखाना उघडलात, मग लॅबला पोहोचलात, सगळं मिळून दीड तास. सॅम्पल तासाभराच्या आत आणि अंगाच्या उबेत पोहोचावं लागतं, नाहीतर हालचाल मंदावलेली दिसते. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि या सगळ्याच्या वर, एका रिपोर्टवर कुठलाही जाणकार डॉक्टर निदान करत नाही. एकाच पुरुषाचा काउंट महिन्यामहिन्याला बराच वरखाली होतो. ताप जाऊन आता सहा महिने उलटले आहेत, म्हणजे तपासणी पुन्हा करायला थांबण्याचं कारण नाही. जिथे सॅम्पल तिथेच देण्याची वेगळी खोली आहे आणि वंध्यत्वाच्या तपासण्या रोज होतात अशा लॅबमध्ये करा.

सहा महिने तुम्ही ज्या कागदाला घाबरून आहात, तो कागद कदाचित अर्धाच खरा आहे. मोकळेपणाने डॉक्टरांसमोर ठेवला असता तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

‘तीन महिने चांगलं औषध’ या कल्पनेबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण अनेक पुरुष इथेच वेळ आणि पैसा घालवतात. जाहिरातीतली शक्तिवर्धक चूर्णं घेऊ नका. त्यांत काय मिसळलंय हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. जस्त आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या पुरुषांना सर्रास दिल्या जातात. २०२० मध्ये अमेरिकेत दोन हजारांहून अधिक जोडप्यांवर त्यांची नीट चाचणी झाली, तेव्हा मूल होण्याचं प्रमाण काही वाढलेलं दिसलं नाही. आणि जिममधल्या मित्राने सुचवलेलं ते टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन? ते मुळीच नको. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे, आणि वृषणांना काम करायला सांगणारे संदेश तो बंद करतो. स्नायू फुगतात आणि काउंट शून्यापर्यंत जाऊ शकतो. इंजेक्शन थांबवल्यावर तो परत यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. मूल हवं असलेल्या पुरुषाने ‘कमजोरी’वर हा इलाज घेणं म्हणजे स्वतःच्या हाताने दार लावून घेणं.

उपयोग कशाचा होईल ते तुमच्याच पत्रात दडलेलं आहे. तुम्ही दिवसाचे आठ-नऊ तास कढईच्या भट्टीपाशी उभे असता. वृषणं शरीराबाहेर असतात, कारण त्यांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. तासन्‌तास भट्टीची धग, त्यात घट्ट सिंथेटिक कपडे, हे शुक्राणूंना मानवत नाही. काही महिने तुम्ही पॅकिंग, हिशोब, मालाची खरेदी बघा, भट्टीवर दुसरा माणूस नेमा. कारखाना घरचा आहे, एवढं जमेल. तंबाखूचे पाऊच सोडा. ‘दिवसाला दोन-तीनच’ असं तुम्ही लिहिलंय, पण तंबाखू कुठल्याही रूपात असली तरी नुकसान करते. साखर तपासून घ्या, घरात मधुमेह आहे. वजन थोडं उतरवा. या सगळ्याचा परिणाम दिसायला तीन महिने लागतात, म्हणून आजपासूनच सुरुवात करा, पण तीन महिने गप्प बसण्यासाठी सबब म्हणून नव्हे.

आणि गोळी घेण्याआधी तपासून घ्या. पुरुष-वंध्यत्वाची माहिती असलेला मूत्रविकारतज्ज्ञ किंवा अँड्रॉलॉजिस्ट गाठा. तो तुम्हाला उभं करून हाताने तपासेल, कारण वृषणाभोवतालच्या शिरा फुगलेल्या असतील तर त्या उभ्यानेच कळतात. अशा शिरा तशा शंभरात पंधरा पुरुषांत असतात, आणि मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषांत त्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळतं. हाताला लागतील एवढ्या मोठ्या असतील तर छोट्या शस्त्रक्रियेने काहींचा काउंट सुधारतो. रक्तात एफएसएच (वृषणांना शुक्राणू घडवायला सांगणारं मेंदूकडचं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन बघतील. काउंट मिलिलिटरला ५० लाखांच्या खाली गेला तर गुणसूत्रांची तपासणी सांगतील. ती नाकारू नका, कारण काही दोष मुलाकडे जाऊ शकतात आणि ते आधी कळलेलं बरं. एकही शुक्राणू न दिसलेल्या काही पुरुषांतही सुईने वृषणातून ते मिळवता येतात, इतकं हे शास्त्र पुढे गेलं आहे. तुमच्याकडे तर ते आहेत.

आता तो प्रश्न जो तुम्ही दोनदा लिहिलात : तिच्या नजरेत मी काय उरेन? यामागे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की काउंट म्हणजे पुरुषपण. काउंट कमी असलेल्या बहुतेक पुरुषांची इच्छा, ताठरता, आवाज, दाढी, ताकद सगळं जसंच्या तसं असतं. शुक्राणू घडवणं आणि पुरुषी हार्मोन बनवणं ही वृषणातल्या वेगवेगळ्या पेशींची कामं आहेत. ज्या जोडप्यांना दिवस राहत नाहीत त्यांतल्या साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. तरी आपल्याकडे सोळा सोमवार तिनेच धरायचे, खजरान्याला गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिकही तिनेच काढायचा. तुमची पत्नी श्रद्धेने हे सगळं करते असं तुम्ही लिहिलंय. तिच्या श्रद्धेला मी बोट लावणार नाही. पण आपल्यात काहीतरी कमी आहे असं समजून ती हे करते आहे, आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

पुढचं आणखी महत्त्वाचं. तुमच्याकडचं कारण पक्कं निघालं तरी उपचारांचा मोठा भार तिच्याच शरीरावर येणार आहे. दुसरा रिपोर्ट बराच बरा आला तर आययूआय पुरेल, म्हणजे धुऊन निवडलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं. एका खेपेला त्यातून दहा-पंधरा टक्क्यांना यश येतं. काउंट फारच कमी राहिला तर आयसीएसआय, म्हणजे एकेका अंड्यात एकेक शुक्राणू सुईने सोडणं. अशा पद्धतीने पहिलं मूल १९९२ मध्ये जन्मलं, आणि कमी काउंटच्या पुरुषांना स्वतःचं मूल होण्याचा रस्ता त्यातून उघडला. पण त्यासाठी तिला दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं घ्यावी लागतात, भूल देऊन अंडी काढावी लागतात. अंडाशयं गरजेपेक्षा जास्त चेतवली जाऊन पोट फुगणं, पाणी साठणं हा धोकाही तिचाच. खर्च एका खेपेला औषधांसकट साधारण दीड ते अडीच लाख, आणि एका खेपेत यश न येणाऱ्या जोडप्यांची संख्या यश येणाऱ्यांपेक्षा जास्त. एवढं सगळं ती सोसणार, तर कशासाठी सोसते आहे हे तिला माहीत नको का? २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याप्रमाणे उपचाराआधी संबंधितांची लेखी संमती लागते. पण कायदा नसता तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं.

सांगायचं कसं? घरात नको, तुमच्या घरात भिंतीला कान आहेत हे तुम्हीच लिहिलंय. तिच्या माहेरी नको, सणावाराला नको. संध्याकाळी पिपल्यापाळ्याच्या तळ्याकाठी एक फेरी मारा, किंवा गाडी बाजूला उभी करून बोला. रिपोर्ट सोबत न्या. ‘आपल्याला एक प्रॉब्लेम आहे’ अशी सुरुवात करू नका, त्या ‘आपल्या’त तुम्ही लपाल. असं म्हणा : ‘सहा महिन्यांपूर्वी मी तपासणी केली. काउंट कमी आला. मी घाबरलो, तुला सांगितलं नाही, डॉक्टरांनाही खोटं सांगितलं. त्या दिवशी ओटीच्या वेळी मी बोलायला हवं होतं.’ मग थांबा. पुन्हा तपासणी, डेंग्यू, भट्टी ही स्पष्टीकरणं लगेच पुढे करू नका. ती त्या क्षणी खरी असली तरी पळवाटच वाटतील.

ती रागावेल. काउंटबद्दल कदाचित लवकर समजून घेईल. सहा महिने लपवल्याबद्दल मात्र वेळ लागेल, आणि तो तिला द्या. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घालू नका. तिला बहिणीजवळ रडावंसं वाटलं तर तो तिचा हक्क आहे, कारण हे ओझं इतके दिवस तिने एकटीने वाहिलं आहे. दुर्बिणीची तारीख ठेवायची की पुढे ढकलायची हे डॉक्टरांना सगळं खरं सांगून, त्यांचं ऐकून, शेवटी तिला ठरवू द्या.

आईचं वेगळं. पत्नीला सांगणं तुमचं कर्तव्य आहे. आईला आकडे सांगायलाच हवेत असं मला वाटत नाही. बायकोला अंधारात ठेवणं आणि नातेवाइकांपुढे रिपोर्ट न वाचणं या दोन गोष्टींत फार अंतर आहे. आईंना इतकंच सांगा : ‘डॉक्टरांनी दोघांच्या तपासण्या सांगितल्या आहेत. माझेही उपचार चालू आहेत.’ हे वाक्य तुमच्या तोंडून, तुमच्या पत्नीसमोर यायला हवं. त्यांना धक्का बसेल. पण ज्या बाईने पोरासकट कारखाना उभा केला, तिला तुम्ही समजता तेवढी ती नाजूक नसावी. आणि पुढच्या हळदीकुंकवाला, महालक्ष्म्यांना कुणी टोमणा मारला तर उत्तर तुम्ही द्यायचं. तिच्या वाटच्या शांतपणाचा कोटा केव्हाच संपला आहे.

पलासियापासून विजयनगरपर्यंत आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, केंद्रांच्या जाहिराती दिसतात, त्यांपैकी कुठेही जाल तर नोंदणी क्रमांक विचारा, तो कायद्याने लागतो. पूर्ण खेपेचा खर्च लेखी मागा, औषधं आणि भ्रूण गोठवण्याचे पैसे धरून. यशाचा आकडा सांगितला तर तो गर्भ राहण्याचा की मूल घरी येण्याचा, आणि कोणत्या वयाच्या बायकांचा, हे विचारा. महागड्या जादा तपासण्या किंवा ‘गर्भाशयाची तयारी’ म्हणून इंजेक्शनं सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. यांतल्या बऱ्याच गोष्टींचा फायदा सिद्ध झालेला नाही. स्वतःच्या बीजाने जमलंच नाही तर दात्याचे शुक्राणू आहेत, दत्तक आहे. पण ते बोलणं आज नको, तुमच्या बाबतीत अजून बराच रस्ता शिल्लक आहे. फक्त पत्नी ३३ ची आहे, ३५ नंतर अंड्यांची घसरण वेग घेते, म्हणून तुमच्या तपासण्या महिन्याभरात उरका.

हे वाचणाऱ्या इतर जोडप्यांसाठी : बाईचं वय ३५ च्या आत असेल आणि प्रयत्नांना वर्ष झालं नसेल, पाळी नियमित असेल, तर घाबरून दवाखाने गाठू नका. अंडं बाहेर पडतं त्या दिवशी आणि त्याआधीच्या पाच दिवसांत दिवस राहू शकतात, म्हणून चौदावा दिवस गाठायच्या धावपळीपेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तर पुरतं. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम बाईने आधीपासून सुरू करावं. पस्तिशीनंतर सहा महिन्यांत डॉक्टरांकडे जा. पाळी अनियमित असेल, कधी क्षयरोग झाला असेल, पुरुषाला मोठेपणी गालगुंड होऊन वृषण सुजलं असेल, तर त्याही आधी. आणि पहिल्या भेटीत दोघांची तपासणी एकाच वेळी लिहून घ्या. वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त आणि बिनदुखणारी, तिला सगळ्यात शेवटी ठेवण्यात काही अर्थ नाही.

तुमच्याकडे परत येते. दुसरा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांकडे दोघं जा, आणि फाईल एकच करा. तिच्या सोनोग्राफीच्या मागे तुमचा जुना रिपोर्टही लावा, तारखेसकट. डेंग्यूची तारीख, पाऊच, भट्टीचे तास, जिममध्ये काही घेतलं असेल तर तेही, सगळं एका कागदावर लिहून न्या, म्हणजे डॉक्टरांसमोर लाजेने काही सुटणार नाही.